नववी ड ची सही

"नोटिशीचं रजिस्टर तुमच्याच हातात असू दे," हेडसर म्हणाले. "कुणी इचारलं की उघडून दाखवायचं. चार वर्ग, चार सह्या. मग बोलायला जागा ऱ्हात न्हाय."

यल्लाप्पा शिपाई मान हलवून निघाला, तेव्हा त्यांनी त्याला परत हाक मारली. बाहेर हॉलमध्ये पालक जमत होते, बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. हेडसरांनी दार लोटलं आणि आवाज उतरवून सांगितलं, की नव्या वर्गाच्या यादीतलं एक पोर बापाची बदली झाल्यामुळं धारवाडला गेलंय. एक जागा मोकळी झालीय.

"तुमच्या नातीचं नाव घालतो. समता न्हवं? आजची सभा तेवढी नीट पार पडू दे."

हेडसर माणूस वाईट नव्हता. निपाणीजवळच्या त्या सरकारी हायस्कुलात इलेक्ट्रॉनिक्सचा खास वर्ग यावा म्हणून त्यानं दोन वर्षं बेळगावला हेलपाटे घातले होते. वर्ग आला. नववीतल्या तीस पोरांना शिकायला मिळणार होतं, दहावीनंतर डिप्लोमाला त्याचा उपयोग होईल असं सगळे म्हणत होते. फक्त त्या तिसांत मराठी तुकडीचं एकही पोर नव्हतं. इंग्रजीची बारा आणि कन्नडच्या दोन तुकड्यांची अठरा. आजची सभा त्याचसाठी होती.

समता मराठी तुकडीत, नववी ड मध्ये होती. तिचे आईबाप हुबळीकडं बांधकामावर, म्हणून शाळेच्या कागदावर पालक म्हणून यल्लाप्पाचंच नाव होतं. त्या नव्या खोलीत रोज झाडू मारायचं काम त्याचं. संध्याकाळी घरी आला की पोरगी विचारायची, आज टेबलावर काय काय मांडलं होतं, वायरी कुठल्या रंगाच्या होत्या, दिवा लागला का. त्याला नावं सांगता यायची नाहीत. मग तो बोटानं जमिनीवर आकार काढून दाखवायचा आणि ती ओळखायची.

हॉलमध्ये बाकं कमी पडली, तेव्हा त्यानं आठवीच्या वर्गातली दोन आणून टाकली आणि पाण्याचा जग घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. काखेत रजिस्टर. शिपाई म्हणून उभा होता की पालक म्हणून, हे त्यालाही नीटसं ठरवता येत नव्हतं.

सभा तापायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, हे मुद्दाम केलंय, मराठी पोरांना असंच मागं ठेवत्यात. त्यावर कन्नड तुकडीतल्या एका बापानं हात जोडून विचारलं, आमच्या पोरांनी कुणाचं काय हिसकावलंय? त्याचं मराठी यल्लाप्पाइतकंच चांगलं होतं. मष्णू टायरवाल्याची ऋतिका इंग्रजी तुकडीतून निवडली गेली होती. तो उठून म्हणाला, "आमची पोरं चिठ्ठ्या टाकून न्हाय गेल्यात. अर्ज भरला, परीक्षा दिली. तुमी झोपलासा त्याला आमी काय करायचं?"

"अर्ज दिसला असता तर भरला असता की," जयाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली. ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आज अर्धा दिवस बुडवून आली होती. "माझी अक्षरा वर्गात पयली येती. तिला परीक्षा हाय ह्येच ठावं न्हवतं."

हेडसरांनी शांतपणे सांगितलं, की नोटीस चारही वर्गांत फिरलेली आहे, वर्गशिक्षकांच्या सह्या आहेत. सगळ्यांच्या माना नववी ड च्या मारुतीराव सरांकडं वळल्या. पोरगेलेसे सर, नोकरीत येऊन वर्षही झालं नव्हतं. सही त्यांचीच होती. ते उभे राहिले आणि तसं कबूल करून खाली बसले. मास्तरच असा असल्यावर पोरांनी काय करायचं, असं मागून एकजण म्हणाला. आता राग सगळा त्यांच्यावर गोळा व्हायला लागला.

यल्लाप्पाला तो गुरुवार आठवत होता. नोटीस त्यानं आधी इंग्रजीच्या वर्गात नेली, मग कन्नडच्या दोन्ही. मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडात, ड तुकडीकडं, निघाला तोच नव्या वर्गाच्या सामानाची गाडी आली आणि खोकी उतरवण्यात दिवस गेला. शुक्रवारी आणि शनिवारी टपाल घेऊन चिकोडीला. रजिस्टर कपाटावर राहिलं. नोटीस कन्नडमध्ये होती. तो चाळिशीत रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकला होता, पण मराठी. कन्नड बोलायला यायचं, वाचायला नाही. काय घेऊन फिरतोय, ते त्याला ठाऊकच नव्हतं. सोमवारी त्यानं वही पुढं केली आणि सरांनी फळ्यावरचं गणित अर्धं सोडून, न वाचता, तारीख न घालता सही केली.

त्याची नोकरी आठ महिने उरली होती. समताची जागा तर हातात आल्यासारखीच होती.

"सही खरी हाय," तो म्हणाला. "पर ती सोमवारची हाय. अर्ज शनिवारी बंद झालते."

यल्लाप्पानं काखेतलं रजिस्टर काढून पुढच्या टेबलावर ठेवलं.

"सरांची चूक न्हाय. वही मी उशिरा न्हेली. सव्वीस वर्सं मी पुढच्या इमारतीपास्नं चालू करतोय, शेडात शेवटाला. तसं कुणी सांगितलं न्हवतं. पायच शेवटाला जात्यात तिकडं."

"एवढं दिस मग तोंडात काय धरलंतं?" जयाबाई म्हणाली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "तुमची नात बी त्याच वर्गात हाय न्हवं, अण्णा?"

"व्हय. तिच्याकडं बी शेवटालाच गेलतो."

त्यानंतर बोलणं थोडंच झालं. शाळेच्या समितीनं यादी रद्द केली, सगळ्या तुकड्यांची परीक्षा पुन्हा घ्यायची ठरलं. मष्णू जाताना म्हणाला, की एका शिपायापायी आमच्या पोरीनं दोनदा परीक्षा द्यायची. यल्लाप्पानं ऐकून घेतलं, कारण ते खोटं नव्हतं. चौथ्या दिवशी त्याला कामात हयगय केल्याचा मेमो आला आणि महिनाअखेरीला सदलग्याच्या शाळेत बदली.

नवी यादी लागली तेव्हा ऋतिकाचं नाव होतं, आणि मराठी तुकडीची चार पोरं होती. अक्षरा तिसावी, शेवटची. समता दोन मार्कांनी हुकली.

संध्याकाळी तो उंबऱ्यात बसला होता. समता अंगणातली भांडी गोळा करत होती. हेडसरांनी दाराआड काय सांगितलं होतं, ते त्यानं तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग तुमी बोलला नसतासा तर मी असती त्यात?"

"व्हय."

"आन अक्षरा?"

"न्हाय."

भांडी तिनं आत नेऊन ठेवली. बाहेर आली आणि म्हणाली, "ती हुशार हाय, आज्जा. माझ्यापरास." आणि परड्यात वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

दोरीवर त्याचा एक सदरा आणि एक टॉवेल, एवढंच होतं. तिला परत यायला लई वेळ लागला.