गोट्याचं औषध

गोट्याने सलग चौथ्या दिवशी दहीभाताकडे पाठ फिरवली आणि सुनंदाबाईंचा धीरच सुटला. अकरा वर्षांचा कुत्रा म्हणजे म्हाताराच की हो! डॉक्टरांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाइन लावावं लागेल, आणि या वयात खात्री देता येणार नाही.

थोरला मुलगा मुकुल नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि याने अन्न सोडलं. घरात सगळ्यांचं एकमत, की हा विरह. सुनंदाबाईंना तर ते अगदी पटलं होतं, कारण लेक गेल्यापासून त्यांच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. घरातली दुसरी, धाकटी कुत्री चिंगी मात्र मजेत. ती स्वतःचं खाऊन गोट्याचं ताटही चाटूनपुसून ठेवायची.

"त्याला गोराईला नेऊ या," रविवारी सकाळी गंधाली म्हणाली. "दादा दर रविवारी न्यायचा ना!"

"कुत्र्याला हवापालट? कमाल आहे तुमची," असं म्हणत सुनंदाबाईंचे यजमान मधुकरराव सगळ्यांच्या आधी बूट घालून दारात उभे.

बोरिवलीतल्या दोन रिक्षावाल्यांनी कुत्री बघूनच मान फिरवली. तिसरा भला निघाला. खाडी ओलांडायला लाँचमध्ये बसल्यावर चिंगी प्रत्येक बगळ्यावर भुंकली आणि शेवटी चिखलाच्या पायांनी मधुकररावांच्या पांढऱ्या पॅन्टवर जाऊन बसली. पॅन्टची पार वाट लागली. सुनंदाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. मांडीवर दहीभाताचा डबा आणि पिशवीत कॅल्शियमच्या पावडरीची नवी बाटली घेऊन त्या गोट्याची पाठ चोळत होत्या.

जाताना मुकुल चारचारदा सांगून गेला होता, "आई, गॅलरीतल्या डब्यातलं औषध रोज चमचाभर दहीभातावर घालायचं हं." डबा उघडला तर असला भपकारा आला की विचारू नका! औषध खराब झालं म्हणून त्यांनी ते फेकून दिलं आणि मेडिकलमधून ही महागाची बाटली आणली. मुकुलला सांगितलं नाही. उगाच कशाला त्याच्या डोक्याला ताप?

लाँच गोराईला लागली आणि काय आश्चर्य, गोट्याचे कान ताठ झाले. चार दिवस लोळून पडलेला तो म्हातारा असा सुटला की गंधालीच्या हातून पट्टाच निसटला.

"अगं धर त्याला!" सुनंदाबाई ओरडत मागे धावल्या.

गोट्या दोन गल्ल्या ओलांडून थेट एका अंगणात शिरला. तिथे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत टाकले होते. सुनंदाबाईंच्या सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही. त्यांनी झटकन पदर नाकाला लावला. मग हळूच पदर काढला. पुन्हा एक श्वास घेतला. अरे देवा, हा तर गोट्याच्या औषधाचा वास!

घरातून एक कोळीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "अगो बाय, ह्यो त मुकुलचा गोट्या! पोरगा कुठं हाय?"

त्या मथुराबाई. दर महिन्याला मुकुल त्यांच्याकडून बोंबलाची पूड न्यायचा, सहा वर्षं. तेव्हापासून त्या पुडीशिवाय गोट्याने दहीभाताला तोंडच लावलेलं नव्हतं. सुनंदाबाई मटकन ओट्यावर बसल्या. म्हणजे बिचाऱ्याला आपणच उपाशी ठेवलं! त्यांना रडूच फुटलं.

मथुराबाईंनी मूठभर बोंबील पुढे केले. "मीठ नाय यात. घाला कुस्करून."

मधुकरराव आणि गंधाली चिंगीला घेऊन मागून येऊन पोचले. सुनंदाबाईंनी डबा उघडला, डोळे घट्ट मिटले आणि स्वतःच्या हाताने बोंबील कुस्करून दहीभातात कालवले. गोट्याने डबा असा चाटला की तळ लखलखला. चिंगीला शीतही मिळालं नाही.

डोळे पुसून त्यांनी मुकुलला फोन लावला. "अरे, गोट्याचं औषध संपलंय. कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं?"

पलीकडून बारीक आवाजात, "आई... गोराईला."

"मी मथुराबाईंच्या ओट्यावरच बसलेय. एक खरं सांग. हे औषध तूही घ्यायचास का रे?"

"रविवारी फक्त. तळलेलं, भाकरीबरोबर. तुला वाईट वाटेल म्हणून..."

सुनंदाबाईंनी हाताला येणारा तो वास पुन्हा एकदा घेतला. त्यांना हसू आलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच सपाटून भूक लागली.

"वाईट कसलं, मेल्या! आलास की सगळेच इथे येऊ. भाकऱ्या मी घरून आणीन, माझ्या हातच्या. फक्त माझ्यासाठी पिठलं वेगळ्या डब्यात."