ओ द्यायची नाही

प्रयागबाईला वाशिमच्या त्या केंद्रात पाऊलच टाकायचं नव्हतं. दारू सोडवायची तर गोळ्या द्या, सुया टोचा, पाहिजे तर चार रट्टे हाणा. आईला कायले बोलावता? केनवडहून येताना जीपमध्ये सुनेला ती हेच ऐकवत होती.

"माह्या पोराले गजानं धरलं हाय. मेलेला भाऊ का गोळीनं उतरते वं, तनुजा?"

तनुजा खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं बोलून झालं होतं. केंद्रातून सुटल्यावर नवऱ्याने, शालिकरामने, पुन्हा बाटलीला हात लावला तर ती लेकीला घेऊन आसेगावला माहेरी जाणार होती, आणि मग म्हातारीने अन् तिच्या वाडीतल्या वांग्यांनी सुखात राहावं. डॉक्टर तर त्याहून पुढे गेला होता. लिव्हर एवढं खराब झालंय, आता प्यायला तर महिनेच मोजा, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. म्हातारीला हे सगळं कळत होतं. पोटचा एक गेला, दुसरा जायच्या वाटेवर होता, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

झालं होतं ते असं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती दोन पोरांना घेऊन भाजीच्या वाडीतच राहायची, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, कुडाच्या खोपडीत. नवरा आधीच गेलेला. मोटरीची लाइन यायची रात्री, म्हणून थोरला गजेंद्र वांग्याला पाणी द्यायला गेला. धाकटा शालिकराम, आठवीतलं पोरगं, आईशेजारच्या बाजेवर. आणि अंधारातून हाक आली, "शाल्याऽऽ!"

आता आपल्याकडे लेकरू बोलायला लागलं, की त्याला पहिला धडा कोणता मिळतो? अंधार पडल्यावर कोणी नाव घेऊन बोलावलं तर ओ द्यायची नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी आली, तरच माणूस समजायचा. हा धडा प्रयागबाईने दोन्ही पोरांकडून चांगला घोटून घेतला होता. पण शालिकराम पहिल्याच हाकेला उठला. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "ओ देऊ नोको." दुसरी हाक आली. पोरगं हिसडे मारायला लागलं. मग तिसरी आली. बारीक, चिरकी, पण गजाचीच. आईला लेकराचा आवाज कळत नाही काय? कळला, बाप्पा, चांगला कळला. पण तोवर भीतीने तिची मूठ अशी आवळली होती, की ती सुटलीच नाही. पोरगं थकून तिच्या अंगावर पडलं, तरी सुटली नाही.

सकाळी गजेंद्र ओल्या वाफ्यात तुटलेल्या तारेशी सापडला. लोक म्हणाले, जो धावला असता तोही चिकटला असता. खरंही असेल. प्रयागबाईने सगळ्यांना एकच सांगितलं, "आमी झोपेल होतो." शालिकराम त्यावर काहीच बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पोरगं विसरलं, असं तिने धरून टाकलं. पुढे मिशी फुटली न फुटली तोच तो दिवेलागणीच्या आत प्यायला लागला. तिने अंगारे आणले, लिंबं उतरवली, बाबा-बुवा केले. ती स्वतः मात्र रोज तिन्हीसांजेला भांडी घासायला बसायची, मोठमोठ्याने आपटून घासायची, म्हणजे बाहेरचं काही कानावर पडायला नको. एवढं करूनही तिन्ही हाका यायच्याच.

केंद्रातल्या खोलीत टेबल-खुर्ची नव्हती, सतरंजी होती. तनुजा दाराशी टेकली. समोर बसलेली समुपदेशक वैजयंती मॅडम शेलूबाजारची निघाली. ही आता अंधश्रद्धेवर भाषण देणार, म्हणून म्हातारी बाह्या सरसावूनच बसली होती. पण मॅडम म्हणाली, "आमच्या घरीबी काकू, सांज झाल्यावर हाकेले कोनी ओ देत नाही. माही माय आजूनबी देऊ देत नाही." म्हातारीची तयारी सगळी वाया गेली.

तेवढ्यात एक माणूस चहा घेऊन आला. शालिकराम भिंतीशी बसला होता. दाढी केलेला, गाल आत गेलेले. तो माणूस त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, त्याची नजर वर व्हायची वाट बघितली आणि मग हळूच म्हणाला, "चहा घेता ना, भाऊ?"

"अठी शालिकरामभाऊले मागून कोनी हाक मारत नाही," वैजयंती म्हणाली. "त्यायले ते सहन होत नाही. समोर येऊन बोलाचं, असं आमी सगळ्यायनं ठरवलं."

प्रयागबाईला कळून चुकलं. पोरगं विसरलं नव्हतं.

"त्यायले तुमाले काही सांगाचं हाय, काकू. जबरदस्ती कोनालेच नाही. उठून जावं वाटलं तं दार उघडं हाय."

शालिकरामने कप खाली ठेवला.

"माय, भाऊ गेला त्या राती म्या जागा होतो. त्यानं मले दोनदा हाक मारली. म्या आयकली अन् पडून राह्यलो, तिसरीची वाट पायत. तिसरी आली नाही, का मले झोप लागली, काही आठवत नाही. लय आठवून पाह्यलं. भाऊ मरून राह्यला होता अन् म्या भेकड बाजेवर पडेल होतो." त्याने आईकडे बघितलं. "तुले सांगतलं असतं, तं तुले वाटलं असतं का आपनच पोराले हे शिकोलं. म्हून नाही सांगतलं."

म्हातारीने काय झाकलं, आणि त्याने कोणासाठी झाकलं! 'जाऊ दे रे, लेकरू होतास तू,' असं म्हणून त्याला कुशीत घेतलं असतं तर झालं असतं. शब्द जिभेवर आलेच होते. वैजयंतीला कळलं नसतं, तनुजाला नाही, कोणालाच नाही. तिने उघड्या दाराकडे बघितलं. मग पोराच्या त्या आत गेलेल्या गालांकडे बघितलं.

"तिसरी आली होती," ती म्हणाली.

शालिकरामने मान वर केली.

"आली होती, शाल्या. गजाचीच होती, मले कळलं होतं. अन् तू पडेल नव्हता रे. तू पैल्याच हाकेले उठला होता. म्या धरलं तुले. दोन्ही हातानं धरलं. तू मले ओढत दारापोतर नेलं, मले चावला, तरी म्या सोडलं नाही. मार मले आता, काय कराचं ते कर."

तिने डोळे मिटून घेतले. तो शिव्या देईल, थुंकेल, निघून जाईल, सगळ्याची तिची तयारी होती.

"म्या उठलो होतो?" त्याने विचारलं.

"उठला होता."

"दारापोतर गेलतो?"

"गेलता. कडीले हात घातला होता तू."

तो रडायला लागला, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. वैजयंती जागेवरूनच म्हणाली, "सावकाश, भाऊ. आपन अठीच हावो." पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो सरकत आईच्या पुढ्यात आला.

"आजून एक डाव सांग, माय."

प्रयागबाईने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा सांगितलं. पहिली हाक, तो उठला, तिने धरलं. तो प्रत्येक शब्दाला मान हलवत होता, आणि संपलं की पुन्हा सांग म्हणत होता. तिसऱ्या हाकेबद्दल मात्र त्याने एक अक्षर विचारलं नाही. आवाज ओळखूनही तू मला का सोडलं नाहीस, हे तो आज विचारणार नव्हता. ते नंतर यायचं होतं, कधीतरी घरी, शुद्धीत असताना. ते विचारायला तो शुद्धीत राहावा, एवढ्यासाठीच तर तिने तोंड उघडलं होतं.

"तू झोपेल नव्हता, बापू," तिने परत सुरुवात केली.