दिवसा उभा करायचा पलंग

साहेब, आम्ही नीटनेटके राहतो म्हणून तुम्ही आम्हाला खोली नाकारलीत. हे तोंडावर सांगते.

महायुद्धात बॉम्ब पडून रॉटरडॅम जळलं, त्यात आमचं घर गेलं. पुढं तुमच्या घरवाटपाच्या कचेरीनं हा नवा फ्लॅट दिला. आतल्या चिमुकल्या खोलीत मी, माझा नवरा आरी आणि मुलगी. पुढच्या खोलीत सासरे, बास्टियान. त्यांचा पलंग रात्री भिंतीतून खाली येतो; सकाळी तो दुमडून उभा करायचा आणि पुढं पडदा ओढायचा. आरी म्हणायचा, आपल्याकडे पलंगालासुद्धा दिवसा आडवं व्हायची चोरी.

तेव्हा हसायचो. मग सासऱ्यांची छाती बिघडली. उभी हयात बंदरात कोळसा उपसलेला. डॉक्टर म्हणाले, पडून राहा. कुठं पडणार? खिडकी रस्त्यावर. आमच्यात दिवसा खिडकीचे पडदे ओढत नाहीत. ओढले की आत काय लपवताहेत म्हणून गल्ली कुजबुजते. येणाऱ्याजाणाऱ्यानं आपल्याला भरदिवसा अंथरुणात बघावं, हे त्यांना सोसेना. खुर्चीत बसून खोकायचे.

म्हणून एक खोली जास्त असलेला फ्लॅट मागितला. मंगळवारी तुमच्या बाई पाहणीला येणार होत्या. मी म्हटलं, "बाबा, उद्या पलंग खालीच राहू दे. बघू दे त्यांना."

"परक्या बाईसमोर अंथरुणात पडू? त्यापेक्षा पुरून टाक मला."

सकाळी अंगात ताप, तरी टाय बांधायला लावला. मीही पलंग उभा केला, फरशी घासली, पडद्याला इस्त्री केली. लाज मलाही होतीच की.

बाईंनी कॉफी घेतली, एक बिस्किट घेतलं, चौफेर नजर फिरवली. "किती छान ठेवलंय घर. पुरते की जागा तुम्हाला."

मी पलंगाच्या पडद्याला हात घातला.

"नको गं लेना," सासरे पुटपुटले. "माझी अब्रू काढू नकोस."

हात खाली आला.

निघताना बाईंनी त्यांच्यापुढं हात केला. बाईमाणूस उभी असताना बसल्या बसल्या हात देणं त्यांना मरतानाही जमणार नाही. खुर्चीच्या दांड्याला धरून उठले. खुर्ची ओली होती. पँटही. संडासापर्यंत जायचं बळ नव्हतं आणि सांगायची लाज वाटली होती.

बाईंनी पाहिलं. मान वळवून खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत म्हणाल्या, फुलं छान आलीत.

तुमचा नकार आला: जागा पुरेशी आहे. सासरे अजून माझ्याशी नजर मिळवत नाहीत. हे मी तुम्हाला कळवलं असं समजलं तर माझं तोंड बघणार नाहीत. तरी कळवते.

बाईंनी तुम्हाला त्या खुर्चीचं सांगितलं होतं का? आणि सांगितलं असेल, तर ‘पुरेशी’ म्हणताना तुमची जीभ अडखळली कशी नाही? उत्तर द्या.