काळी चार

गोरख टेलरने लाल पडद्याची शेवटची दुमड सुईखाली सरकवली, तेवढ्यात दुकानाच्या दारात अजिनाथ मुकादम येऊन उभा राहिला आणि टाका वाकडा गेला. गोरखने मशीन थांबवलं, पण मान वर केली नाही.

"झाला का वो टेलर पडदा?" अजिनाथने स्टूल ओढून घेतलं. गाण्याच्या उत्सवाचा अध्यक्ष झाल्यापासून तो गावात कुठेही न विचारता बसत असे.

"झालाच म्हना. नाडी घालायची राहिली फक्त."

"मग हे बघा. फ्लेक्स तयार झाला."

अजिनाथने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. फ्लेक्सच्या मधोमध गोरखची लेक धनश्री, हातात माईक, केसांत गजरा. खाली 'मार्गदर्शक' म्हणून जी चार-दोन तोंडं कोंबली होती, त्यांत एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी बनुबाई. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. गेल्या सालापर्यंत हाच फोटो मधोमध असायचा.

"चांगलाय," गोरख म्हणाला.

"पोरीनं नाव काढलं तुमचं. पन बनुकाकूला अजून कुनी सांगितलं न्हाई. तुमीच सांगा बाबा. तुमचं आन् त्यांचं जमतं."

अजिनाथ गेला. गोरखने वाकडा टाका उसवला, पुन्हा घातला, तो पुन्हा वाकडा गेला. शेवटी त्याने पडदा तसाच घडी करून फळीवर ठेवला. फळीवर बनुबाईचं हिरवं खणाचं कापड होतं. उत्सवासाठी दर साली ती त्याच्याकडून नवा झंपर शिवून घ्यायची. कापड येऊन पंधरवडा झाला होता आणि त्याला अजून कात्री लागली नव्हती.

दिवाळी आली की मोहरवाडी अर्धी रिकामी होते. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, मागे कुलपं, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी उरतात. उन्हाळ्यात कारखान्यांचं गाळप संपलं की सगळे परततात, म्हणून इथला गाण्याचा उत्सव मे महिन्यात. दिवस तापून निवला की देवळासमोर माणसं जमतात आणि पहिलं गाणं होतं ते बनुबाईच्या गवळणीचं. ती गवळण कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. बनुबाईला ती तिच्या आईने दिली होती. बनुबाई ती उसाच्या फडात, पहाटे मोळ्या बांधताना म्हणायची, आणि गावातली एक अख्खी पिढी ती ऐकत राबली होती. आता बनुबाई ऊसतोडीला जात नाही, सहा महिने ओसरीवर नातवंडं राखत बसते. पण उत्सवाच्या पहिल्या सांजेला तिची गवळण झाल्याशिवाय आपण घरी आलो असं माणसांना वाटतच नाही. वर्षातला तो एक दिवस तिचा.

पेटीवर गोरख. मिसरूड फुटल्यापासून तोच. बनुबाई पदर सावरायची, टाळ हातात घ्यायची आणि मागे न बघता म्हणायची, "काळी चार दे रे, गोरख."

काळी चार म्हणजे पेटीची उंच पट्टी. तरण्या वयात बनुबाई तिथून सहज गायची. पुढे वय झालं. अंतऱ्यात राधा नदीपलीकडे हाक मारते, त्या जागी तिचा आवाज चिरकायला लागला. गावाच्या कानी यायच्या आधी ते गोरखच्या कानी आलं. त्याने कुणाला न सांगता एका साली पट्टी जराशी खाली घेतली, पुढच्या साली आणखी जरा, असं करत करत पांढऱ्या चारवर आणून ठेवली. ती मागायची काळी चार, तो मान डोलवून द्यायचा पांढरी चार. लोक म्हणायचे, काकूचा आवाज हाय तसा हाय बघा! गोरख गालात हसायचा. ही चोरी त्याला कधी बोचली नव्हती. उलट आपल्या हातून आयुष्यात एवढी एक गोष्ट तरी बरी होतेय असंच त्याला वाटायचं.

यंदा कमिटीतल्या पोरांनी नगरहून मोठे स्पीकर ठरवले. सगळा कार्यक्रम मोबाईलवर जगाला दिसणार होता. म्हणून आधी एकदा सगळ्यांनी गाऊन दाखवावं असं ठरलं. बनुबाई नेहमीसारखी बसली. तिच्या मागे, दर सालासारखी सूर धरायला, धनश्री. दोन वर्षं पोरगी एसटीने पाथर्डीच्या क्लासला जात होती. दिवाळीनंतर तिचं लग्न करायचं घाटत होतं, म्हणजे माहेरचा हा शेवटचाच उत्सव. आणि तीही मागेच बसायची? बापासारखी?

"काळी चार दे रे, गोरख."

गोरखने काळी चार दिली.

अंतऱ्यात बनुबाईचा आवाज फाटला आणि नव्या स्पीकरांनी तो पार वेशीपर्यंत नेऊन पोचवला. पोरांतलं कुणीतरी फिसकन हसलं. बनुबाई थांबली. तिने पेटीकडे एकदा पाहिलं आणि मग स्वतःच हसली. "मेली चिंच! सकाळी चिंच खाल्ली मी. धनू, तू पुरी कर गं."

धनूने पुरी केली. त्याच पट्टीत, राधेच्या हाकेसकट. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि बनुबाई घरी गेल्यावर पहिलं गाणं धनश्रीचं ठरवून टाकलं. पेटी वाजवता वाजवता गोरखचे डोळे भरून आले होते. त्याला आनंद झाला होता, खरा आनंद, आणि आता तोच त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

आपण काही खोटं केलं नाही, मागितली तीच पट्टी दिली, असं तो स्वतःला सांगायचा. सांगून सांगून हे वाक्य जुन्या धोतरासारखं विरलं होतं.

सांजेला जेवताना धनश्रीने भाकरी मोडून तशीच ताटात ठेवली.

"बाबा, त्या दिवशी पट्टी वर हुती का? मागं धरताना माझा पन गळा ताणला."

"नेहमीचीच हुती."

"मला तसं न्हाई वाटलं."

"आजीनं मागितली तीच दिली. जेव तू."

एवढं बोलून त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. लेकीला खोटं सांगायची ही त्याची पहिलीच वेळ असेल असं नाही, पण तिच्या डोळ्यांकडे बघायची भीती वाटावी असं आजवर झालं नव्हतं.

सकाळी उठून त्याने आधी हिरव्या खणाला कात्री लावली. बनुबाईचं माप त्याला तोंडपाठ होतं. दुपार कलायच्या आत झंपर झाला, हातशिलाई झाली, हुक लागले. सांगून टाकायचं, काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणत तो निघाला. उन्हाने रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बनुबाई ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. समोर ढीग, एका बाजूला चिंचोके, दुसऱ्या बाजूला गर. सून पूजा गरातल्या शिरा काढत होती.

"ये रे, गोरख. टेक."

त्याने झंपर पुढे केला. बनुबाईने हात पदराला पुसले, झंपर उलटा करून शिवण पाहिली, बाही दंडाला लावून पाहिली.

"झ्याक झालाय. पन आता घाई कशाला केली? मला कुठं पुढं बसायचंय?"

गोरख चपापला. "कुनी सांगितलं, काकू?"

"गावात काय झाकून राहतं व्हय?"

ती हसून बोलली. तो जोत्यावर अवघडून बसला. बोलायचं ते घरून जुळवून आणलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काकू, त्या दिवशी पेटीवर..."

"चिंच खाल्ती मी."

"तसं न्हाई. माझ्या हातनं..."

"गोरख," बनुबाई म्हणाली, "चिंच खाल्ती म्हनलं ना?" तिने हातातल्या चिंचेवर हातोडी मारली. टरफल उडून त्याच्या पायाशी पडलं. "उद्या धनूला घेऊन देवळात ये. ती राधेची हाक सुरात मारती, पन हाक वाटत न्हाई ती. माझ्या आईनं जशी मला दिली तशी तिला द्यायची हाय. मी बसंन मागं."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि झंपर ठेवायला आत गेली. पूजाने दाराकडे नजर टाकून आवाज खाली आणला.

"दादा, एक सांगू का? सारं गाव चिंचंवरून आत्याबाईंची चेष्टा करतंय. पन त्या चिंच खात न्हाईत वो. दात आंबत्यात त्यांचं. मी लगीन होऊन आले तवापासून एकदा सुदिक तोंडात घातलेली बघितली न्हाई."

गोरखने पायाशी पडलेलं टरफल उचललं. म्हणजे म्हातारी आपली लाज झाकत होती. ज्या गळ्यावर गाव डोलायचं, तो गेला हे कबूल करण्यापेक्षा चिंचेला बोल लावलेला बरा, असं तिला वाटलं असणार. आणि गळा जाऊन किती वर्षं झाली, हे तिला ठाऊक नाही. ते आपण तिला कळू दिलं नाही, आणि कळू दिलं ते असं, चारचौघांत. आता खरं सांगायचं म्हणजे तिची एवढ्या वर्षांची वाहवाही खोटी होती हेही सांगायचं. गप्प बसावं तर पाप, बोलावं तर त्याहून मोठं! बनुबाई बाहेर आली तेव्हा तो चपला घालत होता.

"चाललास? ही चिंच ने घरी. आमटीत घाला."

नको म्हणवेना. घरी येईपर्यंत चिंचेची पुरचुंडी हातात धरून तो चालला आणि घरी आल्यावर ती कुठे ठेवावी हेही त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर देवळाच्या सभामंडपात सगळे जमले. बाहेर पोरं मांडवाचे बांबू रोवत होती, अजिनाथ कुणावर तरी ओरडत होता. गोरखने शिवलेला पडदा एका दोरीवर चढला होता आणि त्यातला वाकडा टाका लांबूनही दिसतोय असं गोरखला उगाच वाटत होतं. बनुबाई नवा हिरवा झंपर घालून आली.

"आजी, आजच घातला?" धनश्रीने विचारलं.

"मग? मागं बसायचं म्हनून काय जुनं घालून बसू?"

ती धनश्रीच्या मागे बसली, गोरखच्या उजव्या हाताला, अगदी पेटीला लागून. एवढ्या वर्षांत ती कधी या बाजूला बसली नव्हती. तिने धनश्रीला हाक समजावून सांगितली. नदी आडवी आहे, पलीकडचा माणूस ऐकतोय की नाही ठाऊक नाही, तशी मारायची. धनश्रीने दोनदा मान हलवली, पदर खोचला आणि हातात टाळ नाहीत म्हणून बोटं एकमेकांत गुंतवली.

"आजी, पट्टी?"

बनुबाई मागे न बघता म्हणायची तेच, तशाच आवाजात म्हणाली, "काळी चार दे रे, गोरख."

गोरखने भाता ओढला. इतक्या वर्षांची सवय. ते शब्द कानावर पडले आणि बोट आपसूक पांढऱ्या चारवर जाऊन बसलं. सभामंडपात सूर भरला. धनश्रीने श्वास घेतला.

बनुबाईने टाळ वाजवले नाहीत. फ्लेक्सवरच्या फोटोत होते तसे डोळे मिटून तिने तो सूर थोडा वेळ ऐकला. मग ती पेटीवर वाकली आणि फक्त गोरखला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ही न्हाई. ही माझी हाय. पोरीला खरी दे."

भात्यावरचा हात थांबला. सूर बारीक होत गेला आणि विझला.

धनश्रीने वळून पाहिलं. "काय झालं, बाबा?"

बनुबाईनेच उत्तर दिलं.

"काय न्हाई गं. बोट घसरलं त्याचं. व्हतं माणसाचं कधी कधी."

गोरखने बोट उचलून काळ्या चारवर ठेवलं आणि भाता ओढला. मागून टाळ वाजले. धनश्री गायला लागली, पुढे अंतऱ्यात राधेने हाक मारली तेव्हा बांबू रोवणारी पोरंही हात थांबवून उभी राहिली. पेटी शेवटपर्यंत नीट वाजली, पण गोरखला मान वर करता आली नाही.