छतावरचे टाके

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न एकदा मोडून पुन्हा त्याच मुलाशी जुळलं, त्या वर्षी माझ्या भाच्याने जमिनीवर गादी अंथरून जगाला कला दाखवली. लग्न जुळलं ते लोक विसरले. गादीचं मात्र पेपरात आलं.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकुलता एक मुलगा. दादाचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे कापूस पिंजायची खोली, वर राहायची जागा. पोरगा लहानपणी घरातले टॉर्च आणि घड्याळं उघडून आतले सेल काढून घ्यायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला बॅटरी म्हणायची. दुकानात तो कधी बसला नाही. कापसाने शिंका येतात म्हणायचा. त्या शिंका फक्त कामाच्या वेळी यायच्या. त्याच कापसाच्या ढिगात दुपारभर लोळताना एकही आलेली मला आठवत नाही.

पुढे तो शिकायला बाहेर गेला आणि कलावंत होऊन परत आला.

मी विचारलं, "चित्रं काढतोस का रे?"

"नाही आत्या."

"मूर्ती घडवतोस?"

"नाही गं. मी अनुभव तयार करतो."

वहिनी भांडी पुसत होती. ती म्हणाली, "तो आमच्याकडे पडून आहे पुष्कळ. जाताना घेऊन जा थोडा."

त्याने आधी एक भिंत केली होती. जवळ गेलं की ती खोकायची. मग एक आरसा केला, त्यात आपण दिसायचो नाही, आपल्याआधी जो उभा राहून गेला तो दिसायचा. लोक रांगा लावून बघायचे. स्वतःचं तोंड बघायला घरी आरसा होताच, पण दुसऱ्याचं बघायला माणसं ताटकळत उभी. प्रत्येक वेळी त्याची मुलाखत यायची आणि प्रत्येक वेळी त्यात लिहिलेलं असायचं की वडील वस्त्रोद्योगात आहेत. दादा ते कात्रण बराच वेळ हातात धरून बसायचा. एकदा मला म्हणाला, "चिमणे, खोटं नाही म्हणता येणार. खोळ कापडाचीच असते."

तर त्या वर्षी बॅटरी दुकानात आला आणि उंबऱ्यात उभा राहूनच बोलला.

"बाबा, एक मोठी गादी हवीय. अख्ख्या हॉलभर."

"झोपणार कोण एवढ्या गादीवर?"

"सगळे. लोक येऊन आडवे होतील. गादीच्या पोटात मी एक यंत्रणा घालणार आहे. कोण कुठे पडलाय, किती जड आहे, कूस कशी बदलतो, ते तिला कळेल. मग संगणक त्यावरून छतावर उजेड पाडेल आणि आवाज काढेल. तो स्वतः शिकत जातो, बाबा. जितके जास्त लोक झोपतील, तितका शहाणा होतो."

"मग मी केवढा शहाणा असायला हवा," वहिनी वरून म्हणाली, "जन्मभर यांचं घोरणं ऐकून."

"आई, तू शहाणी हवीस. तू स्त्रीलिंगी."

"बघा, गादी भरून घ्यायला आलाय आणि शाळा माझी घेतोय."

दादा मात्र हसला नाही. तो खोळीचं माप मनात धरत होता, ते त्याच्या बोटांवरून कळत होतं. मग त्याने एकच गोष्ट विचारली. पैशाची नाही, दिवसांचीही नाही.

"लोकांना सांगशील ना, कोणी भरली ते?"

"अहो बाबा, सांगणार म्हणजे काय! सगळ्यांसमोर उभं करून सांगेन. हे माझे वडील, ही गादी त्यांच्या हातची."

बस्स. एवढ्यावर दादाने दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाइकं परत पाठवली. उशा शिवून घ्यायला आलेल्या शेजारणीला म्हणाला, "मुलाचं काम आहे, नंतर या." हे तो असं म्हणायचा की जणू मुलगा दुकान सांभाळतोय.

हॉल म्हणजे जुनं गोदाम होतं. भिंती पांढऱ्या रंगवलेल्या, खालचा ओलावा तसाच. कोपऱ्यात टेबलावर संगणक, छताला काळ्या पेट्या टांगलेल्या. बॅटरीचे मित्र पायात मोजे घालून हळूहळू चालायचे, कोणी आजारी असल्यासारखे. दादाने तिथे जमिनीवर खोळ पसरली, कापूस भरला, काठीने झोडून सारखा केला. मधल्या थरात बॅटरीने एक चंदेरी कापड अंथरलं. मऊ, पातळ, अस्तरासारखं. मी हात लावून बघितलं तर थंड लागलं.

"ही यंत्रणा?" दादाने विचारलं. "मला वाटलं तारा असतील."

"तारा जुन्या झाल्या बाबा. हे कापडच सगळं ओळखतं. दाबलं गेलं की त्याला कळतं."

वर आणखी कापूस आला, कडा शिवून झाल्या. बॅटरी मध्ये जाऊन आडवा पडला तर छतावर त्याच्या आकाराचा निळा उजेड पडला आणि कुठूनतरी गाय हंबरल्यासारखा आवाज आला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. बॅटरी म्हणाला, "झालं. उद्या उद्घाटन." आणि सगळे पेपरवाल्यांना भेटायला निघून गेले. हॉलमध्ये आम्ही दोघं बहीणभाऊ राहिलो. मी कापसाचं झाडून काढत होते.

दादा गादीकडे बघत उभा होता. 

"काय रे?"

"टाके नाहीत गं."

गादी भरली, कडा शिवल्या, तरी ती पुरी होत नाही. मध्ये ओळीने टाके घालावे लागतात, वरचं कापड आणि खालचं कापड एकमेकांना धरून. नाहीतर माणूस झोपला की कापूस पळतो, मध्ये खड्डा पडतो आणि कडेला ढेकळं होतात. टाक्यांशिवाय गादी विकणाऱ्याला आमच्या धंद्यात शिवी होती.

"त्याला नको असतील," मी म्हटलं.

"त्याला माहीत नसतील. तो बसलाय कधी दुकानात?" दादा वाकून कापूस चाचपत होता. "उद्या एवढी माणसं यावर पडणार. चार जण उठले की दरी होईल इथे. आणि नेमकं तेव्हाच तो मला उभं करून सांगणार, ही यांच्या हातची."

"अरे, ते चंदेरी?"

"कापडच आहे ते. तार असती तर मी हात लावला नसता. कापडातून सुई गेली म्हणून कापडाचं काय जातंय?"

 ज्याने जन्मभर कापडातून दाभण घातली, त्याला कापड भोसकू नकोस असं कोण सांगणार? त्याने वाकडी दाभण काढली. वरून घालून खालचं कापड पकडायचं आणि परत वर यायचं, मग सुतळी ओढून गाठ मारायची. मी सुतळी ओवून देत गेले. दिवस मावळायच्या आत त्याने सगळी गादी बांधली. एक ओळ, मग दुसरी ओळ पहिलीच्या मधल्या जागा धरून. शेवटच्या टाक्याला कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "आता बोलव कोणाला बोलवायचं ते."

दुसऱ्या दिवशी दादाने इस्त्रीचा सदरा घातला. वहिनीनेही ठेवणीतली साडी काढली, वर म्हणाली, "गादी बघायला एवढं नटून मी लग्नातसुद्धा गेले नव्हते."

दारात एक मोठा फलक होता. लोक त्याच्याकडे न बघता आत जात होते. मी उतारवयात वाचायला शिकले, त्यामुळे अक्षर सोडून पुढे जाणं मला जमत नाही. सगळा वाचला. त्यात स्पर्शाची स्मृती होती, देहाचं राजकारण होतं, संवादी पृष्ठभाग होता. गादी हा शब्द नव्हता. तीन मित्रांची नावं होती, वीज पुरवणाऱ्या कंपनीचे आभार होते. दादा मागून म्हणाला, "काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "लांबलचक आहे. तोंडी सांगणार आहे ना तो."

"हो, तोंडीच सांगणार आहे."

लोकांनी चपला-बूट काढले. चांगली शिकलेली माणसं, कोणाच्या मोज्याला भोक, कोणाच्या पायाला वास. एकेक जण असा जपून आडवा झाला की जणू गादी चावेल. एक दाढीवाले समीक्षक होते. त्यांना सगळे वाट करून देत होते. ते मधोमध जाऊन पडले, दाढी छताकडे. संचालकबाई त्यांच्या शेजारी बसल्या. बॅटरीने कळ दाबली.

छतावर उजेड आला. पण पडलेल्या माणसांचा एकही आकार आला नाही. आले ते ठिपके. ओळीने निळे ठिपके, एक ओळ, मग दुसरी ओळ पहिलीच्या मधल्या जागा धरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि गाय हंबरायची थांबेना. जिथे जिथे टाक्याने कापड आवळलं होतं, तिथे तिथे कोणीतरी झोपलंय असं त्या शहाण्या संगणकाला वाटत होतं. खरी माणसं कुशी बदलत होती, पाय आपटत होती, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

दादाने मान वर केली. माझ्या कानाशी म्हणाला, "टाके सरळ आलेत गं."

बॅटरी टेबलावरून गादीकडे, गादीवरून टेबलाकडे पळत होता. त्याने गुडघे टेकून गादी चाचपली आणि त्याच्या हाताला गाठ लागली. मग दुसरी लागली. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. सगळ्यांसमोर त्याने हात लांब करून आमच्याकडे बोट दाखवलं.

"हे माझ्या वडिलांनी केलंय! ते बघा, ते तिथे उभे आहेत. गादीवाले आहेत ते. त्यांनी माझ्या कामाची वाट लावली!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. आणि माझा भोळा भाऊ, त्याने शेवटचं वाक्य ऐकलंच नाही की ऐकून सोडून दिलं, कोणास ठाऊक. तो एक पाऊल पुढे झाला, सदरा खाली ओढला आणि सगळ्यांकडे बघून मान लववली.

वहिनी दात खात म्हणाली, "सांगितलं हो एकदाचं. वस्त्रोद्योग गेला चुलीत."

एवढ्यात गादीवरून आवाज आला. समीक्षक उठले नव्हते. पडल्या पडल्याच त्यांनी एक हात वर केला होता.

"थांबा. कोणी काहीही दुरुस्त करू नका."

बॅटरी जागच्या जागी थांबला.

"आम्ही इथे आहोत आणि छत आम्हाला नाकारतंय," ते म्हणाले. "जे इथे नाहीत, तेच फक्त दिसताहेत. रांगेत. बराकीसारखे, रुग्णालयासारखे. बापरे! आणि हा आवाज, हा शोक!"

संचालकबाईंचे डोळे भरून आले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. गाय हंबरतच होती. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पण आडवं पडून हाकणारा तो पहिलाच.

"मग हे टाके," संचालकबाईंनी विचारलं, "हे वडिलांनी?"

बॅटरीने दादाकडे बघितलं. जेमतेम एक श्वास घ्यायला लागेल तेवढाच वेळ. मग तो हसला.

"म्हणजे, हात त्यांचे. निर्णय माझा. मला यंत्रणेला जखम करायचीच होती. मगाशी बोललो तेही त्या अनुभवाचाच एक भाग."

पुन्हा टाळ्या. दादा पुढे टाकलेलं पाऊल मागे घेऊन भिंतीला टेकला. कॅमेरेवाले आले तेव्हा त्यातल्या एकाने त्याला म्हटलं, "काका, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय." तो झाला बाजूला.

घरी येताना वाटेत वहिनी एकटीच बोलत होती. "आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा बिळाला भोक पाडून वर म्हणतो, भोक माझंच."  जिन्याशी आल्यावर दादा मला म्हणाला, "वाट लावली म्हणाला, तेवढं तरी माझ्या नावावर होतं गं. चूक करायला पण अक्कल लागते, ती माझी होती. तीही त्यानेच घेतली."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं आणि शेजारणीच्या उशा शिवायला घेतल्या.

गादी गाजली. पेपरात बॅटरीचा फोटो आला, छतावरच्या टाक्यांखाली उभा. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा दुकानाच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. परदेशातल्या एका संग्रहालयाला तशीच गादी हवी होती.

"बाबा, अगदी तशीच. टाक्यांसकट. टाक्यांवरच तर सगळं आहे."

"भरून देतो," दादा म्हणाला.

"आणि टाके?"

"टाके तू घाल."

"मला कुठे येतात?"

"निर्णय तुझा होता ना?" दादाने दाभण कापडाला पुसली आणि त्याच्यापुढे धरली. आवाज चढवला नाही. "मग हातही तुझेच लाव. मी सुतळी ओवून देतो."

बॅटरीने दाभण घेतली नाही. वहिनी जिन्यात उभी होती, ती वर निघून गेली. दादाने गादी भरली, कडा शिवल्या आणि मध्ये एकही टाका न घालता टेम्पोत चढवून दिली. जन्मात त्याने तशी गादी दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. टेम्पो वळेपर्यंत तो फुटपाथवर उभा होता. तिकडे बॅटरीने कोणाकडून तरी टाके घालून घेतले. कोणाकडून, ते तिथल्या फलकावरही नव्हतं म्हणे.

त्यानंतरच्या वर्षी मार्च महिन्यात, एका बुधवारी सकाळी, दादा वारला. वहिनी त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली.