परसातला समुद्र

कंपनीचा समुद्र मी जेवणाच्या डब्यातून घरी आणला. मिठागराच्या ऑफिसात मी कारकून होतो आणि भरतीचं पाणी आत घ्यायच्या दरवाजाची किल्ली माझ्याकडे असायची. सुटताना डबा पाण्यात बुडवायचा, झाकण दाबायचं आणि पहारेकऱ्याला नमस्कार करून निघायचं. वाटेत समुद्र अजिबात हिंदकळायचा नाही.

वर्षभरात आमच्या परसात लाटा फुटू लागल्या. कुंपणाच्या अलीकडेच क्षितिज आलं. मी काठावर वेताची खुर्ची टाकली. दिवसभर पाय पाण्यात सोडून बसायचं, एवढंच मला हवं होतं. माझा बाप आणि आजा मिठागरात उभे राहून झिजले. आम्हा घरतांच्या घरात बसलेला माणूस मी पहिलाच.

सुगंधा, माझी बायको, म्हणाली, आता नोकरी सोडा. मी म्हटलं, अजून थोडा खोल होऊ दे.

तिकडे कंपनीत नजर पोचेल तिथवर नुसता भेगाळलेला चिखल उरला. कोचरेकर साहेबांनी चोर शोधायचं काम माझ्यावरच सोपवलं, कारण सगळ्यांत विश्वासू मीच होतो. मी प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. कोणीच सापडलं नाही. इतकं सफाईचं काम, आणि ते कोणाला सांगता येत नाही, याचंच मला वाईट वाटायचं.

एका रविवारी बगळ्यांच्या मागोमाग साहेब आमच्या घरी आले. सुगंधाने चहा दिला. कप हातात घेऊन ते मागच्या दारात बराच वेळ उभे राहिले. मी तळं आहे म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"सगळा?"

"सगळा. एकट्याने आणला."

सुगंधाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि ते पाण्यात उतरले.

"मग मालक, उद्यापासून आम्ही इथेच येतो."

दुसऱ्या दिवशी सगळी कंपनी आली. त्यांनी परसात मातीचे बांध घातले आणि एकेका वाफ्यात पाणी सोडलं. जाता-येता प्रत्येक जण मला वाकून नमस्कार करत होता. बांध जवळजवळ येत गेले. शेवटचा मी बसलो होतो त्या खुर्चीभोवती फिरला.

ऊन चढलं तसं माझ्या गुडघ्यांशी पाणी दाट झालं, मग पांढरं.

"अहो, उठा," सुगंधा दारातून म्हणाली. "मी हात देते."

मी तिला सांगितलं, माणसं काम करत असताना मालकाने उठायचं नसतं. पाय तसेही हलत नव्हते.

संध्याकाळी साहेब मीठ ओढायची लांब दांड्याची फळी घेऊन आले. त्यांनी माझ्या मांडीवर बोट फिरवलं आणि चाखून पाहिलं.

"मालक, तयार झालं."

ते हलक्या हाताने ओढू लागले. पांढऱ्या मिठाबरोबर माझे गुडघेही गेले. सगळे जण हात थांबवून बघत होते. त्यांना नीट दिसावं म्हणून मी ताठ बसलो.