शेल्याचं टोक

“ज्या पोरींची शेंबडी नाकं मी माझ्या एप्रनला पुसली, त्यांची आता परवानगी काढू?” वेलिकाआजी कडाडली.

“काढायचीच, आजी,” नृत्यमंडळाची नवी चिटणीस देसिस्लावा म्हणाली. “मुलांना हात लावायच्या आधी विचारायचं. आणि नटायच्या खोलीचं दार बंद करायचं नाही. पडदा लावा.”

“हे सगळ्यांना, की फक्त म्हातारीला?”

“सगळ्यांना. ताचो मास्तरांनासुद्धा.”

आजीने कान टवकारले. ताचो मास्तर म्हणजे मंडळाचा देव. त्याच्या अकॉर्डियनवर अर्धं गाव नाचायला शिकलेलं. देवाला नियम कशाला लागतो? हा भुंगा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

सणाच्या सकाळी ती पोरींना नटवायला बसली. लाल लोकरीचा लांबलचक शेला कमरेला गच्च गुंडाळावा तो तिनेच. सगळ्या बाल्कन डोंगरात आपला हात धरणारं कुणी नाही, असं तिचंच म्हणणं. पहिली आली नऊ वर्षांची रालित्सा.

“गुंडाळू का, महाराणी?” आजीने नाक मुरडत विचारलं.

“नको.”

पोरी फिदीफिदी हसल्या. आजीचा चेहरा पडला. “का गं? माझ्या हातांना काय काटे आहेत?”

“तसं नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नको म्हटलं तर काय होतं, ते बघत होते.”

“मग? काय झालं?”

“काहीच नाही,” रालित्सा म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात पडदा सारून ताचो मास्तर आत आला. हसणं एकदम थांबलं. इतकी वर्षं आजी या थांबण्याला शिस्त समजून खूश व्हायची. आज तिने पोरींच्या चेहऱ्यांकडे निरखून पाहिलं. ती शिस्त नव्हती.

मास्तर रालित्साची कॉलर सारखी करायला वाकला.

“नको,” पोर म्हणाली. तिचे डोळे आजीवर खिळले होते. आता काय होतं?

“वेडे, मी काय परका आहे?” मास्तर हसला. हात पुढे आलाच.

त्या हाताच्या आणि पोरीच्या मधे आजी आपलं भलंथोरलं अंग घेऊन उभी राहिली.

“ताचो, लहानपणी तुझाही शेला मीच बांधायचे. ती नको म्हणाली. ऐकू नाही आलं? चल, बाहेर हो. देसिस्लावाला मी आत्ताच बोलावतेय.”

तो गेला. बाहेर अकॉर्डियन वाजलं नाही.

देसिस्लावा आली आणि सगळं ऐकून घेऊन गेली, तरी आजी पडद्याजवळून हलली नाही. रालित्साने शेला उलगडला, एक टोक आजीच्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या कमरेला धरून खोलीच्या पार पलीकडे गेली.

“नुसतं धरा हं, आजी. ओढू नका.”

पोर गिरक्या घेत, स्वतःला शेल्यात गुंडाळत हळूहळू जवळ येऊ लागली. वळणं वाकडीतिकडी पडत होती. आजीचे हात शिवशिवले. तिने ते तसेच धरून ठेवले.